काहून हासून राहिली?

रायपूर स्टेशनाबाहेर पडले तेव्हा ऊन कोवळं होतं आणि समोरचा रस्ता पार उकरलेला होता. छत्तीसगढ राज्य होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. जुन्या इमारतींवर नव्या खात्यांच्या पाट्या चढल्या होत्या, काहींचा तर रंगही वाळला नव्हता. माझी बॅग उचलून ठेवताना रिक्षावाला ऐटीत म्हणाला, "अब राजधानी है दीदी, धूल तो उड़ेगी."

मी पुण्याला भाषाविज्ञानात एम. ए. करत होते आणि त्याच्या जोडीला जपानी शिकत होते. दोन्हींची ओढाताण झेपेनाशी झाली होती. रायपूरला विदर्भातून येऊन राहिलेली बरीच मराठी घरं आहेत. त्यांची बोली टेप करून आणायची, त्यावर प्रबंध लिहायचा आणि जपानीला रामराम ठोकायचा, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

चौबे कॉलोनीत रामटेके काकांकडे उतरले. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, वडिलांच्या ओळखीतले. मी वाकून नमस्कार करणार तोच त्यांनी "जय भीम, जय भीम, बस!" म्हणून खुर्ची पुढे केली. काकूंनी फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या गुंडाळ्या, वरून तीळ-मिरचीची फोडणी) समोर ठेवला. मला वाटलं, फत्ते झाली.

पण टेपरेकॉर्डर काढला की काकूंचा चेहराच बदलायचा. आवाज घट्ट करून त्या म्हणायच्या, "मी भंडाऱ्याची आहे. मला दोन मुले आहेत." शाळेतल्या धड्यासारखं. मशीन बंद झालं की आतून ऐकू यायचं, "अवं सुषमे, दूध उतू चाललं ना!" धाकटी सुषमा कॉलेजात होती. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. शेवटी तिनंच मला गच्चीवर सांगितलं, "मम्मी नहीं बोलेगी, दीदी. भैया की शादी पुणे में हुई थी. वहाँ लोगों ने मम्मी की बोली की नकल उतारी थी."

आता मी कुठली, तर पुण्याचीच.

टेप करण्यासाठी दुसरं मराठी घर शोधायला निघाले, तर बसमध्ये कंडक्टरला विचारलं, "पंडरी जाएगी?" तो "हव" म्हणाला. हव म्हणजे हो. पण ते मला नव्हे, मागच्या माणसाला होतं, हे कळलं तेव्हा दोन्ही बाजूंना भातशेती सुरू झाली होती. अभनपुरात उतरले. धानाच्या पोत्यांनी लादलेल्या गाड्या आणि पोत्यांवर निवांत झोपलेली माणसं बघत टपरीवर चहा घेतला आणि हसू आवरत परतीच्या बसमध्ये चढले.

घरी पोचले तर काकू दारातच. "तुले जपानी येते म्हणे?"

जपानहून योशिको नावाच्या एक निवृत्त शिक्षिका सिरपूरचे बौद्ध विहार पाहायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या वस्तीतल्या विहारात येणार होत्या आणि त्यांचा दुभाषा आजारी पडला होता. वर्गाबाहेर मी जपानी कधी बोललेच नव्हते.

सकाळी आम्ही पंडरीच्या कापडबाजारातून पाहुणीसाठी कोशाची (इथलं टसर रेशीम) शाल घेतली. विहारात वंदना झाली, मग सतरंजीवर बायकांनी योशिको सानना (सान म्हणजे आपलं 'जी') मधोमध बसवलं आणि पुढ्यात फरा ठेवला. त्यांनी एक तुकडा तोंडात घातला आणि त्या गालातल्या गालात हसायला लागल्या.

काकूंनी मला कोपरानं ढोसलं. "विचार ना तिले, काहून हासून राहिली?"

मी विचारलं, "नाझे वारात्ते इमासु का?"

आणि विचारता विचारताच थबकले. नाझे म्हणजे काहून, का. वारात्ते म्हणजे हासून. इमासु म्हणजे असणं, राहणं. काकूंचं वाक्य शब्दाला शब्द लावून जपानीत उतरलं होतं. वर्गात 'ती हसत आहे' वरून जपानी वाक्य जुळवताना मी दरवेळी अडखळायचे. इथे जुळवायला काही उरलंच नव्हतं.

योशिको सान सांगत होत्या की त्यांची आईही तांदळाच्या पिठाचं असंच काही वाफवायची. ते मी बायकांना सांगितलं आणि मग काकूंना त्यांचं वाक्य जपानीत जसंच्या तसं उतरल्याचंही सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"माही मजाक करून राहिली का?"

"नाही काकू, शपथ. तुम्हीच विचारून बघा."

काकू म्हणतील ते मी योशिको सानना खुणेनं दाखवायचं आणि त्यांनी जपानीत सांगायचं, असं ठरलं. मग काकू सावकाश म्हणाल्या, "जेवून राहिली."

योशिको सान म्हणाल्या, "ताबेते इमासु."

"बसून राहिली."

"सुवात्ते इमासु."

"झोपून राहिली!" मागून कुणीतरी ओरडलं. "नेते इमासु" म्हणत योशिको साननी मान तिरकी करून डोळे मिटले. सगळ्या बायका खो-खो हसल्या. सुषमा आईला हलवून म्हणाली, "मम्मी, ये तो अपने जैसा ही है!" काकूंनी पदर तोंडाला लावला होता. त्या हसत होत्या की रडत, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता काकू म्हणाल्या, "लाव तुही मशीन."

मग त्या बोलत सुटल्या. नवी नवरी म्हणून रेल्वेच्या क्वार्टरात आल्या तेव्हाची गोष्ट. "मले हिंदी येत नव्हती. पंडरीत गेली, घाबरत घाबरत म्हटलं, लुगडं पाहिजे. तो म्हणे, लुगरा? अन् काढलं ना त्यानं लुगडं! मले वाटलं, बाई, इथं आपलं निभून जाईन."

कॅसेट संपली, मी दुसरी घातली. काकूंचं लक्षही नव्हतं.

परतीच्या गाडीत समोर पुण्याच्या एक बाई होत्या. रायपूरला मराठी ऐकायला गेले होते म्हटल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या. "तिकडची मराठी म्हणजे हिंदी मिसळलेली, मोडकीतोडकीच ना?"

जपानी सोडायची नाही, हे मला तेव्हा उत्तर शोधताना कळलं. इतके दिवस नुसती कानावर पडणारी बोली मला दूरच्या त्या भाषेनं ऐकायला शिकवली होती. एक सोडली असती, तर दुसरीचं दार निम्मंच उघडलं असतं.

"तुम्हाला घाई नाही ना?" मी बाईंना विचारलं, चपला काढून पाय वर घेतले आणि सांगायला लागले. गोंदिया आलं तेव्हा त्या मला विचारत होत्या, "आणि 'रडून राहिली'ला काय म्हणतात हो?"