अलेप्पीच्या कालव्याचं टेल

अण्णांना अलेप्पीला न्यायचं ठरलं ते माझ्या मोबाईलवरच्या एका व्हिडिओमुळे. शहरभर कालवे, आणि सगळे काठोकाठ! केजजवळ आयुष्यभर पाटकरी म्हणून कालव्याचं पाणी पाळीपाळीनं सोडलेला माझा बाप लगेच म्हणाला, "टेलला बी हाय का बग." टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. आमच्याकडं तिथंच त्यांचा दोस्त सोपानकाकांचं शेत आहे. एका वर्षी त्यांना पाणी पोचलं नाही, हरभरा वाळला, आणि दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. "वरूनच आलं न्हाई," एवढंच अण्णा सांगत.

केजहून एसटीनं पुणे, तिथून रेल्वेनं एर्नाकुलम, पुढं दीड-दोन तास बस. जानेवारीत गेलो तरी घामाच्या धारा. हाऊसबोटीचे भाव ऐकून मी मागं फिरले. जेट्टीवरून सरकारी बोट सुटते, चहापाण्याच्या पैशात खाडीभर फिरवते; तीच घ्या. जेवायला जाडा उकडा भात आणि माशाचं कालवण. अण्णांनी दशम्या संपेपर्यंत त्याला हात लावला नाही.

बोटीतून भातशेतं दिसली, चक्क पाण्याच्या पातळीखाली. बांधावरची मोटार शेतातलं पाणी उपसून बाहेर टाकत होती. अण्णा उठून उभेच राहिले. शेजारच्या बाईंना म्हणाले, "पानी बाहर कायकू फेकते?"

"नहीं फेंका तो धान डूब जाएगा," त्या हसल्या.

ती मोटार दिसेनाशी होईपर्यंत अण्णा मागं वळून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कालव्याच्या काठानं समुद्राच्या दिशेला चालवलं. वाटेत जुनी काथ्याची गोदामं, छोटे पूल. टोकाला मात्र जलपर्णी, प्लॅस्टिक आणि वास. मी नाक दाबलं. अण्णा उकिडवे बसले, जलपर्णी सारून मनगटापर्यंत हात बुडवला. "टेल हाय हे. आन् भरलंय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सोपान्याचं पाणी मीच वर वळवलं व्हतं. बागायतदाराचा दाब व्हता. पाणी आलतं, पोरी."

मला रागच आला. इतकी वर्षं मी सोपानकाकांनाच हेकट समजत होते.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी अण्णा त्यांच्याकडं गेले. फोटो दाखवायला म्हणून मला सोबत घेतलं, पण बसायच्या आधीच सगळं सांगून मोकळे झाले. सोपानकाका सुपारी कातरत राहिले.

"ठावं हाय मला. त्या दिशी पाटाच्या कडंनं वरपर्यंत चालत गेलतो मी. एवढं सांगायला केरळला जावं लागलं व्हय बे?"

काका बाजेवर सरकले, अण्णांना जागा केली आणि माझ्याकडं हात पुढं केला. "दाव बरं, कसलं टेल हाय त्ये."