ऑर्गनचा रकाना

आमचा जॅझचा अल्बम एका संध्याकाळी रेकॉर्ड झाला. त्यावरची मतं अजून जमा होतायत. चहाला बसलं की कोणीतरी नवं घेऊन येतं. ऐकला किती जणांनी ते विचारू नका, मत प्रत्येकाला आहे!

आम्ही तिघं. सुशील गिटारवर, अन्वरभाई ऑर्गनवर, मी ड्रमवर. सुशील आयटीवाला, अन्वरभाईंचं चाकणला गॅरेज, मी तिथल्याच एका कंपनीत. पिंपळे गुरवच्या एका हॉलमध्ये लोकांसमोर वाजवलं, तेच अल्बम म्हणून काढलं.

*

पहिलं मत माझ्या वहिनीचं. पाऊण तास मन लावून ऐकलं आणि मग विचारलं, "भाऊजी, गाणारा कधी येणार?"

*

एका स्थानिक साप्ताहिकात परीक्षण आलं. पाहुण्यांची नावं, शाल, सत्कार, सूत्रसंचालन, सगळं होतं. आमच्याबद्दल शेवटी एक ओळ: 'वादकांनी साथ दिली.' कोणाला, ते लिहिलं नव्हतं.

*

सुशीलच्या वडिलांनी निदान टाळ्या तरी ऐकल्या. छान बसवल्यात म्हणाले. त्या खऱ्या आहेत म्हणून सांगितलं, पण त्यांना पटलेलं दिसलं नाही.

*

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी जेवणाच्या सुट्टीत अल्बम लावून घेतला. मॅनेजर बेहद्द खूश! लोक दहा मिनिटं आधीच जेवून उठले. दुसरा भाग कधी काढताय, म्हणून माझ्या मागे लागला.

हे ऐकून सुशीलची हसून मुरकुंडी वळली. अन्वरभाई हसले नाहीत. "एका माणसाने तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट ऐकावं राव," म्हणाले. "नाहीतर ऑर्गन विकून टाकतो." ताथवड्याचं गिऱ्हाईक ठरलंही होतं. मला फार वाईट वाटलं.

*

मग मी अल्बम गायकवाड काकांना दिला. काका आमच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होते, नुकतेच रिटायर झालेले. आठवड्याने त्यांनी तिघांना घरी बोलावलं. बघतो तर काकांनी चक्क इन्स्पेक्शन रिपोर्ट बनवलेला, तीन रकान्यांचा! दुसरा ट्रॅक, चौथ्या मिनिटाला ड्रमर घाई करतो. पाचवा, गिटारची एक तार उतरलेली. आठवा, म्हणजे शेवटचा, ड्रमर पुन्हा घाई करतो. आमच्या दोघांचे रकाने गच्च भरलेले आणि ऑर्गनचा कोरा.

अन्वरभाईंचा चेहरा उतरला. "काका, माझ्याबद्दल काहीच नाही?"

काकांनी चष्मा काढला. "तीस वर्षं तपासणीत काढली, भाऊ. चांगल्या पार्टवर मी कधी काय लिवलं न्हाई. तो पुढं सोडला."

अन्वरभाईंनी तिथूनच ताथवड्याला फोन लावला आणि ऑर्गन विकायचा नाही म्हणून सांगितलं.