बंद पडण्याचं कारण

माझ्या मावशीच्या धाकट्या दिरांना शांत बसलेलं ज्यानं पाहिलं असेल, त्यानं दुसऱ्याच कुणाला तरी पाहिलं असणार. मी तर त्यांना दुपारी झोपलेले असतानाही पाहिलं आहे. झोपेतही भुवया जुळलेल्या, मूठ वळलेली, जणू स्वप्नात कुणीतरी स्क्रू उलटा फिरवत होतं. कलकत्त्यातच जन्मले, कलकत्त्यातच वाढले, त्यामुळे त्यांच्या रागाला तीन भाषा होत्या. यंत्रावर बंगालीत चिडायचे, वरिष्ठांवर इंग्रजीत आणि घरच्यांवर मराठीत. एकदा बेहालाची ट्राम रस्त्यात रेंगाळली म्हणून ते खाली उतरले आणि पुढचे दोन थांबे तिच्या खिडकीशेजारून चालत चालत ड्रायव्हरला बंगालीत सुनावत गेले. ट्राम सुटली, पुढे गेली, आणि काका कचेरीत अर्धा तास उशिरा पोचले. हजेरीच्या वहीत त्यांनी उशिराचं कारण स्वतःच लिहिलं : "माझा राग."

मी सातवीत शाळा सोडलेला. वडील गेल्यावर कऱ्हाडहून कलकत्त्याला मावशीकडे आलो, तो पत्र्याची एक ट्रंक घेऊन. काकांनीच मला त्यांच्या कचेरीत चिकटवलं. हुगळीच्या भरती-ओहोटीची गणितं करणारी ती कचेरी. तिथे एक लहान कॉम्प्युटर होता. लहान म्हणजे आपल्या घरातल्या कपाटाएवढा. पण पुस्तकात दाखवतात त्या दिवाणखान्याएवढ्या यंत्रांपुढे काका त्याला "बाळ" म्हणायचे आणि त्याच्यावरच सगळ्यात जास्त ओरडायचे. नदीच्या पाण्याची रोजची मापं कागदाच्या लांब पट्टीवर भोकं पाडून ठेवलेली असत. ती पट्टी यंत्राला भरवायची, फाटली तर चिकटवायची, गुंडाळून डब्यात ठेवायची, हे माझं काम. त्यासाठी इंग्रजी लागत नाही. हात हलका लागतो, तो माझा होता.

काकांची एक वही होती. यंत्र थांबलं की ते त्यात थांबण्याचं कारण लिहीत, आणि त्या वहीतून कुणाची सुटका नव्हती. "कारण : घोषबाबूंची विडी." "कारण : मोठ्या साहेबांचे पाहुणे, बोट लावून बघितले." "कारण : मी चष्मा घरी विसरलो." घोषबाबू म्हणजे त्यांचे बरोबरीचे इंजिनिअर, गोड माणूस. ते मला म्हणायचे, "तोमार काकू मारा गेले चित्रगुप्तेर चाकरी पाबेन." तुझे काका मेल्यावर त्यांना चित्रगुप्ताची नोकरी मिळेल, असा त्याचा अर्थ मला पुढे कळला. तेव्हा त्यातलं 'चित्रगुप्त' तेवढं समजलं आणि मी आदरानं हसलो.

मग एक दिवस हुकूम आला की बाळाची आठवण, म्हणजे मेमरी, दुप्पट करायची आणि त्याला नवी तबकडी बसवायची. आठवणीची पाटी आली ती रेशमी कागदात गुंडाळून. तारांच्या जाळीत ओवलेले हजारो काळे मणी, मोहरीपेक्षा बारीक. काका ती उजेडाला धरून पहिल्यांदा जरा हळू बोलले, "बघ, गावातल्या सगळ्या बायकांची मंगळसूत्रं जोडली तरी एवढे मणी भरणार नाहीत. आणि वीज गेली तरी हे विसरत नाहीत." कलकत्त्यात वीज रोजच जायची, म्हणून मला ते मणी फार आवडले. तबकडी मात्र आवडली नाही. परातीएवढी, गरगर फिरणारी. घोषबाबू म्हणाले की आता वर्षभराची नदी या तबकडीत मावणार, पट्ट्या भरवायची कटकटच नाही. सगळे खूश झाले. मी माझ्या डब्यांकडे बघत राहिलो. पट्टी गेली की पट्टीवाला कशाला? काकांना विचारायचं धाडस नव्हतं. विचारलं असतं तर ते ओरडलेच असते, आणि उपकारकर्त्याला राग आणणं मला पाप वाटायचं. खरं सांगायचं तर मला त्यांचाही राग यायचा. त्यांनी आणलं आणि आता तेच तबकडी बसवून मला घालवणार.

चार दिवस ते तबकडी बसवत होते. स्क्रू पडला की स्क्रूवर ओरडायचे, सापडला की इतका वेळ कुठे होतास म्हणून पुन्हा स्क्रूवर. बसवून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना उभं करून भाषण दिलं, निम्मं इंग्रजीत, निम्मं बंगालीत. हात तबकडीवर आडवा धरून काहीतरी केसाएवढं दाखवलं, नाक मुरडलं, घोषबाबूंच्या खिशाकडे बोट केलं. सगळे हसले. मग माझ्याकडे वळून मराठीत गरजले, "समजलं?"

"हो काका."

"नक्की?"

"हो हो."

दुसऱ्या दिवशी विश्वकर्मापूजा. आकाशभर पतंग, आणि खालच्या वर्कशॉपमध्ये हत्तीवर बसलेला देव. त्या दिवशी कलकत्त्यात कुणी हत्याराला हात लावत नाही. लेथला हार, ड्रिलला हार, पाण्याच्या पंपालासुद्धा कुंकू. यंत्राची खोली मात्र काकांनी बंद ठेवली होती आणि तबकडी आत फिरत होती, कारण नवी तबकडी तीन दिवस सलग फिरवून पाहायची होती. मला वाटलं, सगळ्यांची पूजा आणि हिचीच नाही. आमच्याकडे खंडेनवमीला विळ्याकोयत्यालाही फूल वाहतात. किल्ली माझ्याकडे होतीच. वर्कशॉपमधलं नारळाच्या काथ्याचं आणि राळेचं धुपाटणं उचललं आणि आत नेलं. तबकडीपुढे ओवाळलं. छान दाट धूर. यंत्राचा पंखा तो आत ओढून घेत होता. मला वाटलं, देवी प्रसन्न होऊन घेतेय. हात जोडून म्हणालो, "बाई, तू राहा. पण माझ्या पोटावर पाय देऊ नकोस."

सकाळी ती किंचाळली. दगडी पाटीवर पत्रा ओढावा तसा आवाज. काकांनी धावत जाऊन बटण दाबलं, झाकण उघडलं. तबकडीवर गोल ओरखडा, आणि चाचणीसाठी तिच्यात भरलेली तेवढी नदी गेली. सगळे गोळा झाले, मोठे साहेबही आले. काका जमिनीवर वाकले आणि काथ्याचा एक जळका तंतू चिमटीत धरून उठले. तेव्हा मला त्या भाषणाचा अर्थ कळला. तबकडी वाचणारं यंत्राचं डोकं तिच्यावर केसाहून कमी अंतरावर तरंगतं, आणि धुराचा एक कण म्हणजे त्याच्या वाटेत आडवा आलेला डोंगर.

"हे काय?"

"धूप, काका. मी..."

मोठे साहेब माझ्याकडे बघत हिंदीत म्हणाले, "जिसका काम जानेवाला था, उसी ने मशीन बिगाडी. अजीब बात है, नहीं?"

मुद्दाम केलं म्हणतात! आणि काका फुटले. आधी माझ्यावर, मराठीत : "गाढवा! परवा हो हो कुणाला म्हणालास? माझ्या भाषणाला, की माझ्या आवाजाला? एक अक्षर कळलं नव्हतं ना?"

"नाही."

"मग विचारलं का नाहीस?"

मी खाली बघत म्हणालो, "तुम्ही ओरडता."

काकांनी वही ओढली. आजवर ती वही इंग्रजीत होती. त्या दिवशी त्यांनी मराठीत लिहिलं, इतकं दाबून की पानाला भोक पडलं. साहेबांनी वाचायला मागितली, अर्थ लागेना. घोषबाबूंना तर अक्षरंही लागेनात. मला दिसत होतं :

"बंद पडण्याचे कारण : धूर. धुराचे कारण : आमच्या घरचा मुलगा. मुलाला न कळण्याचे कारण : मी ओरडतो, म्हणून तो विचारत नाही. मुद्दाम : नाही."

मग ते साहेबांकडे वळले आणि सगळं इंग्रजीत करून सांगितलं, अर्थात ओरडून. शेवटी डब्यांकडे बोट करून म्हणाले, हे मला नंतर कळलं, की नदी गेलेली नाही, या माणसानं ती एकूणएक पट्टी जपून ठेवली आहे, आणि तबकडी जोवर किंचाळू शकते तोवर हाही इथेच राहील. दुसरी तबकडी आणि नवं डोकं आल्यावर मी अकरा दिवस पट्ट्या भरवत होतो. काका शेजारी उभे. दर पट्टीला ओरडायचे, "समजलं? नाही समजलं तर विचार! विचार म्हणतोय ना!" आणि मी विचारायला लागलो. त्यांच्या ओरडण्यावरच मी यंत्र शिकलो.

निवृत्त होऊन ते मुलीकडे नागपूरला गेले. दर महिन्याला पोस्टकार्ड येतं. रागाच्या शब्दांखाली दोन रेघा, फार रागाच्या शब्दांखाली तीन. संत्री आंबट, जावई मऊ, ट्रामच नाही तर चिडायचं कुणावर. गेल्या आठवड्यातलं कार्ड मात्र सुवाच्य होतं. "प्रकृती ठीक. यंत्राला जप. तुझा काका." एकाही शब्दाखाली रेघ नव्हती. ते हातात धरून मी बराच वेळ त्या आठवणीच्या मण्यांपुढे उभा होतो. मग खाली जाऊन कार्ड विकत घेतलं आणि एकच ओळ लिहून टाकली :

"काका, समजलं नाही. पुन्हा सांगा."