ज्योतीपुढचा आडवा धागा

मेणबत्ती विझवायची आणि वातीला काडी न लावता पुन्हा पेटवायची, हा माझा हुकमी खेळ. फुंकर मारली की वातीतून पांढरा धूर निघतो. जळती काडी वातीच्या दोन बोटं वर, त्या धुरात धरायची. ज्योत धुरावरून घसरत खाली येते आणि वातीवर जाऊन बसते. पंखा बंद ठेवायचा, एवढंच पथ्य. शेलार गावातल्या आमच्या बुद्धविहारात एका रविवारी सकाळी मी हे करून दाखवलं, तेव्हा पोरांच्या आधी पहिल्या रांगेतल्या बायकांनीच टाळ्या वाजवल्या. मग काय, मी तोच खेळ आणखी दोनदा केला. कुणी मागितला नव्हता, तरी केला.

"तो धूर म्हणजे मेणच," मी सांगितलं. "मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. वात नुसती जिना आहे." मग स्टीलचा चमचा पिवळ्या भागात धरला. काळा झाला. ज्योतीत जो पिवळा उजेड दिसतो, ते काजळीचे कण तापून चमकत असतात. खाली वातीपाशी निळं दिसतं, तिथे हवा पुरेशी मिळते, काजळी धरत नाही. "म्हणजे ज्योत ही वस्तूच नाही," मी आवाज खाली आणून म्हणालो. "ते एक घडणं आहे. घडायचं थांबलं की ज्योत गेली. कुठे गेली म्हणून शोधायचं नाही."

मागे खुर्चीत माझा मित्र बसला होता. तो जोरात म्हणाला, "वाह, क्या बात है!"

हा माझा शाळेपासूनचा मित्र. भिवंडीत त्याचं कापडाचं दुकान आहे. मी पंचवीसेक वर्षं लूमवरून आलेलं कापड तपासतो, आणि आमच्या धंद्यातही ज्योतच साक्षीदार असते. कापडातून धागा ओढायचा आणि पेटवायचा. सुती असेल तर कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच, आणि मागे मऊ राख राहते. पॉलिस्टर असेल तर आधी आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक मणी धरतं. परक्या व्यापाऱ्याचं कापड असेल तर धागा आपण स्वतः ओढतो, उभा एक, आडवा एक. मित्राच्या कापडाला मात्र हात घालत नाहीत. तो स्वतः धागा काढून देतो, आपण काडी ओढतो, हसतो आणि चहा मागवतो. मित्रापुढे स्वतः धागा ओढणं म्हणजे त्याला चोर म्हणणं.

बुद्ध पौर्णिमेसाठी विहारातल्या बायकांना एकसारख्या पांढऱ्या साड्या हव्या होत्या. सुतीच हव्या होत्या. त्या दिवशी सगळ्या मेणबत्त्या घेऊन दाटीने उभ्या राहतात, आणि वितळणारं कापड अंगाला चिकटतं. "भाऊ, तुम्ही बघून सांगाल तेच घेऊ," असं त्या मला म्हणाल्या. मी मित्राच्या दुकानात गेलो. त्याने ऐटीत धागा काढून दिला. जळला, मऊ राख. मी बायकांना सांगितलं, "डोळे मिटून घ्या." त्यांनी घेतल्या.

त्या रविवारी खेळाचा शेवट म्हणून मी त्याच साडीचा उरलेला तुकडा आणला होता. आधी पॉलिस्टरचा दोरा जाळून त्याचा मणी दाखवायचा, मग आपल्या साडीचा धागा जाळून मऊ राख, आणि मग मागे बोट करून मित्रासाठी टाळ्या. असा सगळा थाट मी ठरवून ठेवला होता. पॉलिस्टरचा भाग झाला. मग पहिल्या रांगेतल्या खारबावच्या मावशींना मी म्हणालो, "तुम्हीच धागा ओढा. नाहीतर म्हणाल, भाऊने हातचलाखी केली."

मावशींनी हाताला आला तो ओढला. मी चिमट्यात धरून ज्योतीपाशी नेला. धागा मागे सरला, आक्रसला, काळा धूर निघाला आणि टोकाला मणी लोंबला.

"आरं, ह्यो जलत न्हाय," मावशी म्हणाल्या, "ह्यो तर इरघळतो हाय!"

पोरं हसली. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. मी तुकडा हातात घेतला आणि काठ बघून दुसऱ्या बाजूने धागा ओढला. हा कागदासारखा जळला. म्हणजे उभा धागा सुती आणि आडवा पॉलिस्टर. मावशींनी आडवा ओढला होता. मला आजवर दुकानात उभाच मिळाला होता.

मी मागे पाहिलं. मित्र चपला शोधत होता.

बायकांना मी तिथेच सांगितलं, "या साड्या मेणबत्तीजवळ नेसू नका. चूक माझी आहे, दुकानदाराने काढून दिला तोच धागा जाळला, मी नीट बघितलं नाही." मावशी म्हणाल्या, "बघितलंस की. त्यानं दाखवलं तेवढंच बघितलंस." यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मित्राला मी बाहेर गाठलं. "अरे यार, लॉट मिक्स झाला असेल," तो म्हणाला.

"मग दरवेळी उभाच धागा का काढून द्यायचास?"

त्याने स्कूटरला किक मारली. ती सुरू झाली नाही. दुसरी मारायच्या आधी तो म्हणाला, "तू आडवा कधी मागितलास?"

एवढी वर्षं मी त्याच्या दुकानात काडी ओढत आलो आणि तो हसत आला. कोणत्या हसण्यात मित्र होता आणि कोणत्या हसण्यात दुकानदार, हे सांगणारी ज्योत नाही.

पौर्णिमेला सकाळी बायका आपापल्या जुन्या साड्या नेसून आल्या. विहारात एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याने पेटवायची पद्धत आहे. माझी पेटली होती. शेजारी कुणीतरी येऊन न पेटलेली मेणबत्ती पुढे केली. बघितलं तर तोच. अंगात नवा कोरा पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत. कापड मी हात न लावताच ओळखलं, वितळणारं.

ज्योत त्याच्या वातीला लागली. मेण वितळायला वेळ लागतो, तेवढा वेळ आम्हाला जवळ उभं राहावं लागलं. त्या रविवारनंतरच्या पाच आठवड्यांत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

"बाही वर सार," मी म्हणालो.

त्याने कोपरापर्यंत सारली.