किल्लीवाल्याच्या घरातलं कपाट

नवरा किल्ल्या बनवणारा आणि बायको रायफल चालवणारी, असं जोडपं सरकारी अर्जाच्या कुठल्याच रकान्यात धड बसत नाही. चौदा वर्षांपूर्वी परवान्यासाठी पहिल्यांदा घर तपासायला आलेल्या अधिकाऱ्याचं पेन इथेच अडलं होतं. "घरात आणखी कोण?" "मिस्टर." "त्यांच्याकडे परवाना आहे?" "नाही." "काय करतात?" "किल्ल्या बनवतात." त्या गृहस्थाने पेनाला टोपण लावलं आणि प्यायला पाणी मागितलं.

त्याचं काही चुकलं नव्हतं. नियम अगदी सरळ आहे. ज्याच्या नावावर परवाना, हत्यार त्याच्याच हातात. घरातलं दुसरं माणूस कितीही सज्जन असो, परवाना नसेल तर कपाटाची किल्ली कुठे असते हेदेखील त्याला ठाऊक असता कामा नये. आणि इथे किल्ली लपवून ठेवण्यात काय हशील? नवरा डोळे मिटून नवी घासून आणणार. शेवटी बरीच डोकेफोड होऊन तोडगा निघाला. भिंतीत बोल्ट ठोकून आवळलेलं लोखंडी कपाट, त्याला आकड्यांच्या चकतीचं कुलूप, आणि आकडा फक्त बाईंच्या डोक्यात. गोळ्या कपाटाच्या आतच, खालच्या खणात. त्या खणाला वेगळं साधं कुलूप, ज्याची किल्ली ती नोकरीच्या जागी, औषधांच्या दुकानात ठेवायची.

किल्लीवाला आठवडाभर फुगून बसला होता. "जगातलं कुठलंही दार मी उघडून देतो, आणि माझ्याच घरातलं कपाट मला बंद," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. पण नियम त्याने पाळला. ती चकतीला हात लावण्याआधी म्हणायची, "अहो, बाहेर." की हा मुकाट्याने चहाचा कप उचलून गॅलरीत जायचा आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा. समोरची शेजारीण विचारायची, "आज पुन्हा हाकललं वाटतं?" त्यावर तो कप उंचावून दाखवायचा. दर सहा महिन्यांनी ती आकडा बदलायची, तेव्हा त्याचे दोन कप व्हायचे. बायकोच्या नेमाचा त्याला कोण अभिमान. आपल्या टपरीच्या पत्र्यावर तिच्या जुन्या स्पर्धांचे कागदी फलक त्याने चिकटवून ठेवले होते, भोकं मोजता येतील असे.

तर यंदा परवान्याचं नूतनीकरण होतं आणि महिन्याभरावर निवडस्पर्धा. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी तिचं नाव पहिल्यांदाच शेवटच्या आठांत आलं होतं. नूतनीकरण अडलं तर स्पर्धा गेली, आणि या वयात पुढच्या वर्षाचा भरवसा कोणी द्यावा? त्यामुळे तपासणीच्या सकाळी तिने दुकानातून अर्धी सुट्टी घेतली, खणाची किल्ली घरी आणली, खोली झाडली, नोंदवही टेबलावर मांडली. अधिकारी आता नवीन होता, कोवळा, बूट दाराबाहेर काढून आत आला. नवरा घरी नव्हता. त्याची टपरी नऊला उघडते.

"मिस्टरांना आकडा माहीत आहे का?"

"नाही साहेब. चौदा वर्षं झाली, माहीत नाही."

"बरं, उघडा."

तिने चकती फिरवली आणि दार ओढलं.

रायफल आतच होती. उभी, स्वच्छ, पट्टा गुंडाळलेला. पण रायफलच्या दस्त्यावर गाल टेकायची जी लाकडी बाजू असते, ती दाराकडे होती. ती बाजू ती नेहमी भिंतीकडे ठेवते. घासली जाऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून लावून घेतलेली सवय. झोपेतसुद्धा हात चुकणार नाही. रायफल कोणीतरी बाहेर काढली होती आणि परत ठेवली होती.

अधिकाऱ्याला यातलं काय कळणार? त्याने क्रमांक जुळवला, खालचा खण उघडायला लावून गोळ्या मोजल्या. वहीप्रमाणे भरल्या. "चोख आहे हो," तो म्हणाला आणि कागद पुढे सरकवला. परवानाधारकाखेरीज हत्यार कोणाच्याही हाती पडलेलं नाही, असं त्यावर छापलं होतं. खाली सहीची जागा.

तिने सही केली. खोटं आहे हे माहीत असताना केली, आणि हात जरासुद्धा हलला नाही. अधिकारी बूट घालत होता तेव्हा तिने मनात हिशेब मांडला. चोर असता तर रायफल नेली असती. कुलूप न फोडता कपाट उघडेल असा माणूस तिच्या ओळखीत एकच होता, आणि त्याच्याशी तिचं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली होती.

ती रिक्षा न करता चालत निघाली. रागाने चालत होती हे खरं. मनात एकेक वाक्य तयार होत होतं. याच्यासाठी मी चौदा वर्षं नियम पाळले, आणि याला खाज सुटली म्हणून याने कपाट उघडलं. माझी स्पर्धा गेली तर याचं तोंड बघणार नाही. असं बरंच.

टपरी घड्याळाच्या दुकानाला खेटून, दाराएवढ्या रुंदीची. तो मशीनवर वाकून किल्ली घासत होता. शेजारच्या पत्र्याच्या डब्यात फुकट गेलेल्या किल्ल्या पडलेल्या, सहा-सात तरी असतील. तिला आठवत होतं तेव्हापासून त्या डब्यात महिन्याला एक पडली तर पडली.

"कपाट उघडलंत?"

त्याने मशीन बंद केलं. कोणतं कपाट, असंही विचारलं नाही.

"हो."

तो सरळ कबूल होईल हे तिच्या हिशेबातच नव्हतं.

"आकडा कुठून मिळाला?"

"कुठून मिळणार? बोटांनी शोधला."

"का पण?"

त्याने उजवा हात मशीनवरून उचलून लाकडी फळीवर ठेवला. नुसता ठेवला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होतं, आपोआप, थांबता थांबत नव्हतं. फळीवरच्या किल्ल्या बारीक वाजायला लागल्या.

"आठ महिने झाले," तो म्हणाला.

आणि ही बाई औषधांच्या दुकानात उभी असते. असा कंपवाताचा हात घेऊन येणारे लोक ती रोज बघते, त्यांच्या गोळ्या पाकिटात घालून देते, सकाळी उपाशीपोटी घ्या म्हणून समजावते. घरी मात्र नवरा हल्ली सारखा खिशात हात घालून का हिंडतो, कप डाव्या हाताने का उचलतो, हे तिला दिसलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"एका म्हातारीचं दार उघडायला गेलो होतो," तो सांगू लागला. "पोरखेळ कुलूप. पाऊण तास झटलो. शेवटी तिने सुताराला बोलावून कडी काढून घेतली. मला चहा दिला वर. तेव्हा म्हटलं, हात गेले की आहेत ते एकदा बघू. घरात सगळ्यात अवघड कुलूप तेच. दुपारी टपरी बंद करून यायचो, तू कामावर. दोन दुपारी लागल्या. उघडलं ना, तेव्हा असा आनंद झाला म्हणून सांगू. आणि सांगायचं कोणाला? तुलाच सांगता येईना."

तिला हसू यायला लागलं होतं. म्हणजे एवढंच. वेडा माणूस, परीक्षा द्यायला बायकोचं कपाट निवडलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि ती जवळजवळ दटावणीच्या सुरात म्हणाली, "मग लगेच बंद करायचंत ना. रायफल कशाला बाहेर काढलीत?"

शेजारचा घड्याळवाला कोणाला तरी सेल बदलून देत होता, त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

"अहो."

"मांडीवर घेऊन बसलो."

"आणि?"

"खालचा खण समोरच होता. ते कुलूप म्हणजे माझ्यासाठी दोन मिनिटांचं काम, असल्या हातानेसुद्धा." त्याने हात परत खिशात घातला. "नाही उघडला. एकदाच झालं हे. परत नाही गेलो मी तिकडे."

नियम तिने चौदा वर्षं अक्षरशः पाळला होता, पण तो कोणासाठी असतो याचा विचार तिने एकदाही केला नव्हता. चोरासाठी असतो, शेजारच्या मुलांसाठी असतो, सरकारला उगाच शंका घ्यायची सवय असते, असंच काहीसं तिच्या डोक्यात होतं. गॅलरीत कप घेऊन उभा राहणारा हा माणूस त्यात कुठे बसत नव्हता.

तिने तिथेच, रस्त्यावर उभं राहून अधिकाऱ्याला फोन लावला. तो अजून दुसऱ्या घराच्या जिन्यातच होता.

"साहेब, सकाळी मी सही केली ती खोटी आहे. मिस्टर कपाट उघडू शकतात. उघडलंय त्यांनी. तुम्ही परत या आणि रायफल घेऊन जा."

"मॅडम, तुम्हाला कळतंय ना काय बोलताय? मला हे वर कळवावं लागेल. तुमची स्पर्धा..."

"कळतंय. गोळ्यांसकट घेऊन जा. आत्ता या."

नवऱ्याला घेऊन ती घरी पोचली. तासाभरात अधिकारी आला. पंचनामा केला, रायफल आणि गोळ्या मोहोरबंद केल्या, जमा केल्याची पावती दिली. परवाना चौकशी होईपर्यंत स्थगित. जाताना तो पोरगा काहीतरी धीराचं बोलायला बघत होता, त्याला जमलं नाही. तिने त्याला बूट शोधून दिले. मग नवऱ्याचा दंड धरून त्याला खाली उतरवलं आणि रिक्षात घातलं. तो एवढंच म्हणाला, "टपरीला कुलूप लावलं नाही मी." ती म्हणाली, "राहू दे. चोर आला तर किल्ल्या नेईल."

डॉक्टरीणबाई तिच्या ओळखीच्या होत्या. त्यांच्या चिठ्ठ्या रोज तिच्या दुकानात यायच्या. त्यांनी त्याला बोटं मिटायला उघडायला लावली, दारापर्यंत चालवलं, कागदावर गोल काढायला दिला. मग खुर्ची त्याच्याजवळ ओढून बसल्या. कपाटाचं तिने रिक्षातूनच फोनवर सांगून ठेवलं होतं.

"रायफल घेऊन बसलात असं या म्हणाल्या. तसं किती वेळा झालं?"

"एकदा," तीच चटकन बोलून गेली. "एकदाच. सांगितलंय त्यांनी मला."

"त्यांना सांगू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याने बायकोकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत त्याने उजवा हात खिशातून काढला आणि बोटं वर केली. ती इतकी थरथरत होती की तिला नीट मोजता येईनात. तिने पुन्हा मोजली. चार होती.

म्हणजे तीन वेळा त्याने रायफल बरोबर जागच्या जागी ठेवली होती, गाल टेकायची बाजू भिंतीकडे करून.