नायलॉनचं तोरण

बैलाच्या नाकात नायलॉनची वेसण दिसली की आजही माझं डोकं सरकतं. नांदेडला आमच्या गल्लीत एक जण बैलगाडीतून कडबा विकायला येतो. त्याच्याशी माझी कैकदा जुंपली आहे. "मावशी, बैल माजा, नाक त्याचं, तुमचा काय संबंध?" असं तो विचारतो. संबंध सांगत बसले तर त्याचा कडबा तसाच राहील, म्हणून इथे लिहिते.

माझा बा दोर वळायचा. लातूर जिल्ह्यात, औशाच्या पलीकडे आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला मांगवाडा आणि त्याच्याही खाली ओढ्याचा डोह. शेतकरी ज्वारीच्या कडेकडेने अंबाडी लावायचे. पाला भाजीला, बी तेलाला, ते त्यांचं. उभी काटकी आमची. ही रीत कोणी लिहून ठेवलेली नव्हती, पण कोणी मोडतही नव्हतं. बा त्या काटक्यांच्या पेंढ्या बांधून डोहात दगडाखाली बुडवून ठेवायचा. सडल्या की साल सुटायची. ती आपटून, धुऊन, वाळवली की हाती यायचा पांढरा वाख. मग मांडीवर पीळ देत वेसण, कासरा, दावं वळायचं, पोळ्याला घरोघर पोचवायचं आणि त्यावर वर्षाचं धान्य घ्यायचं.

दोर जुना झाला म्हणून फेकलेला मी पाहिला नाही. कासरा झिजला की त्याचं दावं व्हायचं, दावं तुटलं की शिंकं, शिंकं कुजायला आलं की त्या चोथ्याने भांडी घासायची आणि शेवटी उकिरड्यावर. तिथून शेतात, आणि शेताच्या कडेला पुन्हा अंबाडी. आता शहाणी माणसं स्टेजवर माइक धरून हेच शिकवतात, वस्तू जपून वापरा म्हणतात. माझी माय हे ऐकायला असती तर म्हणाली असती, "मग आमाला कामून हाकललं?"

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि वरून दुष्काळ पडला होता. सासरची माणसं ऊसतोडीला गेली होती. मी पोटुशी, म्हणून माहेरी. अंबाडी कशीबशी गुडघ्याएवढी आली होती. तरी बाने रानोरान हिंडून पेंढ्या गोळा केल्या आणि डोहापाशी रचल्या. वरचे झरे आटले होते. सगळ्या गावात पाणी उरलं होतं ते या खालच्या डोहात, आमच्या डोहात.

सरपंच माणसं घेऊन आले. म्हणाले, "पेंढ्या बुडवू नको. पानी सडतं. जनावरं काय पेतील?"

बाने मान डोलावली. "खरं हाय मालक. जनावर आधी. अंबाडीला काय, ती थांबंल."

मला बाचा असा राग आला म्हणून सांगू! माय तर भाकरी थापता थापता म्हणाली, "डोलवा मुंडी, तुमाला दुसरं येतंय काय?" पण आतून आम्हालाही पटलं होतं. तहानलेल्या गाईपुढे वाखाचं काय घेऊन बसायचं?

मग काही दिवसांनी त्याच डोहावर डिझेलचं इंजन आलं. जाड पाइप पाण्यात सोडला आणि टँकर भरायला लागले. जनावरांसाठी? छे! गावापर्यंत नवा रस्ता होत होता. नव्या जिल्ह्याचे मोठे साहेब दुष्काळ बघायला येणार होते, त्यांच्या गाडीला धूळ लागू नये म्हणून मुरमावर पाणी मारून रोलर फिरवायचा होता. दुष्काळ बघायला येणाऱ्यासाठी दुष्काळातलं पाणी रस्त्यावर ओतलं! डोहाचा तळ उघडा पडला, मासे तडफडून मेले, गाई चिखल चाटून परत गेल्या. रस्ता मात्र चांगला झाला. साहेब आले नाहीत.

बाच्या पेंढ्या कोरड्याच राहिल्या. न सडलेल्या अंबाडीचा वाख निघत नाही, ती चुलीलाच जाते. मायने तिच्यावर माझ्या बाळंतपणाचं पाणी तापवलं.

पोळा आला तोवर गावात लातूरच्या दुकानातला नायलॉन आला होता. निळा, चकचकीत, म्हणे जन्मात तुटत नाही. सगळ्यांनी वेसणी त्याच्याच घातल्या. बाजवळ आदल्या वर्षाचा मूठभर वाख उरला होता, तो त्याने तोरणासाठी आढ्याला बांधून ठेवला होता. पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचा मान आमच्या घरचा. तोरणाचा पीळ तो मुद्दाम ढिला ठेवायचा. मानाच्या बैलाचं शिंग लागलं की तट्कन तुटायचं, पोळा फुटला म्हणून गाव ओरडायचं आणि बैल उधळत घरी जायचे.

खांदेमळणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, सरपंचांचा मानाचा बैल आमच्या दारावरून गेला. बाने त्याचं नाक पाहिलं. नायलॉनने आतपर्यंत कापलं होतं, जखमेत अळ्या होत्या. त्या बैलाच्या नाकात पहिली वेसण बानेच ओवली होती. तो घरात गेला. आढ्याचा वाख काढला, वेसण वळली, करडीचं तेल चोळून मऊ केली आणि सरपंचांच्या गोठ्यात गेला. लेकरू काखेत घेऊन मीही मागून गेले, कारण बा मान डोलावून परत येईल अशी मला भीती होती.

सरपंच म्हणाले, "नाकाचं ऱ्हाऊ दे. तोरण कुठं हाय?"

"वाख येवढाच व्हता मालक. नाकाला लावला."

"आरं, नाकाला नायलॉन चालतंय की! तोरणाला चालत न्हाई. रीत हाय ती. उकल ती वेसण अन् तोरण वळ."

नाकाला चालतं, तोरणाला चालत नाही! आमच्या हातचा दोर यांना फक्त रीत म्हणून हवा होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

यावेळी बाने मान डोलावली नाही. "मंग तोरण बी नायलॉनचंच बांदा," म्हणाला आणि वेसण खांद्यावर टाकून परत निघाला.

त्यांनी खरंच बांधलं. दुसऱ्या दिवशी वेशीच्या दोन्ही खांबांना घट्ट गाठी मारून निळं तोरण ताणलं. सनई वाजली, मानाचा बैल पुढे आला, शिंग लागलं. तोरण तुटेना. दोर दोन्ही शिंगांत अडकला, बैल बिथरला, मागचे बैल त्याच्यावर आले. धरणाऱ्याने घाबरून वेसण जोरात ओढली आणि आधीच चिरलेलं नाक फाटलं. रक्ताने त्याची झूल भिजली. सगळं गाव नुसतं ओरडत होतं. बा विळा घेऊन घुसला. आधी तोरण कापलं, मग वेसण. बैल मोकळा झाला आणि रानाकडे पळाला.

आणि मग आवाज उठला, "मांगानं तोरण कापलं! पोळ्याला इळा लावला!"

अपशकुन झाला म्हणे. पाऊस पडला नाही तर याच्यामुळे म्हणे. डोह कोणी उपसला हे कोणाला आठवलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! सरपंचांनी तिथेच सांगून टाकलं, की पुढच्या पोळ्यापासून आमच्या घरचं तोरण नको, दोर नको, धान्यही नाही. ज्यांच्या दारात बा जन्मभर दावी घेऊन गेला, त्यातल्या एकाचंही तोंड उघडलं नाही. त्या सगळ्यांचा मला आजही राग आहे, मेलेल्यांचासुद्धा.

बा नंतर रस्त्याच्या खडीवर गेला. दोर पुन्हा वळला नाही. ती शेवटची वेसण उकलून मायने माझ्या लेकराच्या झोळीची दोरी केली, आणि झोळीचं काम संपल्यावर त्या दोरीच्या चोथ्याने भांडी घासली.

मागच्या उन्हाळ्यात गावी गेले होते. भाऊ वेशीजवळचा जुना उकिरडा उपसून खत शेतात टाकत होता. बाने वळलेल्या दोराचा एक धागा आता त्या गावात सापडणार नाही, सगळा मातीत गेला. भावाच्या फावड्याला मात्र एक तुकडा अडकून वर आला. एका बाजूला गाठ, दुसऱ्या बाजूला विळ्याने कापलेलं टोक. धुतला तर निळाच्या निळा. मी तो हातात घेऊन उभी राहिले.

भाऊ म्हणाला, "काय बगायलीस? टाक की तिकडं."

"तिकडं म्हंजी कुठं?" मी ओरडले. "सांग ना, कुठं टाकू?"