उजवीकडची रिकामी जागा

"अर्थ नको. वजन सांग," असं म्हणून बाई डावा तळवा टेबलावर आपटायच्या. तुम्ही समोर असतात तर तुमचंही लक्ष त्या हाताकडेच गेलं असतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं होऊन तसंच राहिलं होतं. हात कितीही जोरात आपटला तरी ती दोन टेबलाला लागत नसत.

बाई मुंबईत शाळेत फ्रेंच शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर आगर या गावी वडिलांच्या चिकूवाडीत एकट्याच राहायला आल्या. फ्रेंच म्हणी आणि त्यांना जुळणाऱ्या इंग्रजी म्हणी, असं विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तक त्या करत होत्या. डावीकडे फ्रेंच, उजवीकडे इंग्रजी. बोटांमुळे त्यांना टाइप करता येईना, म्हणून कॉलेजातल्या मॅडमनी मला पाठवलं. मी तलासरीकडच्या पाड्यातली, कॉलेजात गेलेली घरातली पहिलीच. फ्रेंच येत नव्हतं आणि इंग्रजीही भीत भीतच. बाई म्हणीचा अर्थ मराठीत सांगत, मग आम्ही इंग्रजी शोधायचो. मी वाडीतल्याच एका खोलीत राहू लागले.

चुकीची म्हण सुचवली की त्यांचा तोल जाई. एकदा माझ्या डोक्यावरून चिकू गेला आणि भिंतीवर फुटला. "ही म्हण म्हातारी चुलीपाशी बसून म्हणते. तू दिलेली हवालदार म्हणतो. जुळेल कशी?" मग स्वतःच फडकं आणून त्यांनी भिंत पुसली, आणि मला दुसरा, चांगला पिकलेला चिकू सोलून दिला.

एक म्हण मात्र मला लगेच जमली. मारण्याला माया म्हणणारी. तिचं इंग्रजी आम्हाला शाळेतच पाठ होतं. मी खुशीत टाइप केलं. बाईंनी वाचलं, कीबोर्ड ओढला आणि जमिनीवर आपटला. बटणं कपाटाखाली उडाली.

"हिला इंग्रजी नाही."

मी हळूच म्हटलं, आहे ना बाई.

"नाही म्हटलं ना."

प्रकाशकाचे फोन आले. ही तर परीक्षेत हमखास येते, हिची जागा रिकामी कशी छापू, असं ते विचारत. बाई ती म्हण काढूही देईनात आणि भरूही देईनात.

त्याच दिवसांत एका दुपारी माझी मोठी बहीण वाडीच्या फाटकात येऊन उभी राहिली. कानातलं ओढल्यामुळे पाळी फाटली होती. ब्लाउजवर रक्त वाळलं होतं. भावोजी मारायचे म्हणून ती याआधीही माहेरी आली होती, आणि दर वेळी बाबांनीच तिला परत नेऊन सोडलं होतं. म्हणून या वेळी ती माझ्याकडे आली. "आता नेलं तर मी जगणार नाही," एवढंच बोलली. बाईंनी कोमट पाण्याने कान धुतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी आले, मागोमाग बाबा. भावोजींनी लाथ मारून फाटक उघडलं. वाटेतला चिकूंचा क्रेट उलटा केला, ताईचे केस मुठीत धरले आणि तिला फरपटत निघाले. ताई ओरडलीही नाही. मी जागची हलू शकले नाही. बाईंनी चिकू उतरवायची लांब काठी उचलली आणि त्यांच्या मनगटावर घातली. एकदा. दुसऱ्यांदा मारली तेव्हा काठी मोडली. केस सुटले.

बाबा हात जोडून मध्ये आले. माझे बाबा वाईट नाहीत. त्यांनी हळू आवाजात, समजूत घालावी तशी, आमच्या पाड्यातली एक म्हण म्हटली.

बाई माझ्याकडे वळल्या. "ही तीच ना?"

मी मान हलवली. वजनसुद्धा तेच होतं.

बाईंनी डावा हात बाबांच्या डोळ्यांपुढे धरला. "दादा, ही बोटं दारात धरून माझ्या नवऱ्याने दार लावलं. लावताना तो हेच म्हणाला होता, फ्रेंचमध्ये. उच्चार फार सुंदर होते त्याचे."

भावोजी मनगट धरून शिव्या देत होते. बाबा मात्र त्या बोटांकडेच बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "औषध केलंत का तेव्हा?"

"नाही. लाजेने कुणाला सांगितलंच नाही."

बाबा खाली बसले. सांडलेले चिकू एकेक करून क्रेटमध्ये भरले. मग भावोजींचा दंड धरला आणि म्हणाले, "चल. ती नाय येत." ताईकडे बघून एवढंच म्हणाले, "बाय, कानाला हळद लाव."

ताई आता वाडीतच कामाला आहे. बाई गेल्या. पुस्तक छापलेलं त्यांनी पाहिलं, पण त्यानंतर एकच पावसाळा काढला. त्या फ्रेंच म्हणीसमोर उजवीकडे काही नाही, नुसता पांढरा कागद.

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत एक प्रत आहे. परवा उघडली तर त्या जागी कुणीतरी पेन्सिलीने इंग्रजी म्हण लिहून ठेवली होती. अक्षर सुंदर, स्पेलिंग बरोबर. मी खोडरबर घेतला आणि खोडत राहिले. कागद तिथे आता इतका पातळ झालाय की उजेडात धरला तर पलीकडचं दिसतं.